पासवर्ड सगळ्यांना, नेट एकाला



आधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो, मग इतरांकडे बोट दाखवतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या वर्ध्यातल्या घरात सहा माणसे आणि ३० एमबीपीएसचे एकच कनेक्शन. एका कार्यकर्त्या मित्राने तीन दिवसांच्या शिबिराचे सगळे व्हिडिओ ड्राइव्हवर टाकले होते, एकूण ७० जीबी. शिबिराचा विषय होता 'संविधान आणि सामाजिक समता'. सकाळी अकराला मी डाउनलोड सुरू केले आणि निवांत चहा घेत बसलो. त्याच वेळी आतल्या खोलीत माझ्या लहान बहिणीची एका नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत सुरू होती. तिचा आवाज तुटायला लागला. ती दारात येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुझं काही सुरू आहे का?" मी म्हणालो, "नाही गं, आज नेटच स्लो आहे." शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तिचं बोलणं तुटून राह्यलं, बंद कर न तुह्यं!" तेव्हा कुठे मी लॅपटॉपकडे पाहिले. तोवर समोरच्यांनी "कळवतो" म्हणून मुलाखत आटोपली होती. नोकरी मिळाली नाही. ती माझ्यामुळेच गेली असे मी म्हणू शकत नाही, आणि माझ्यामुळे गेली नाही असेही म्हणू शकत नाही. समतेवरची व्याख्याने उतरवून घेताना मी घरातली समता बुडवत होतो, एवढे मात्र नक्की.

हा प्रसंग मी मित्रांना सांगितला, तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले, "अरे, घरातल्या घरात थोडे समजून घ्यायचे असते." दुसरे, "मोठा प्लॅन घे, विषय संपला." ही दोन्ही उत्तरे चूक आहेत आणि आंबेडकरी माणसाच्या तोंडी तर अजिबात शोभत नाहीत. कारण हा घरगुती कुरबुरीचा विषय नाही. सामायिक साधन कोणाच्या वाट्याला किती येते आणि ते कोण ठरवते, असा हा विषय आहे. आपली चळवळ उभी राहिली ती याच प्रश्नावर.

आधी हे नेमके घडते कसे ते समजून घेऊ. घरात येणारी लाइन ही एक पाइप समजा. तुमचा ऑनलाइन क्लास दीड-दोन एमबीपीएसवर नीट चालतो. नुसत्या आवाजाच्या कॉलला तर त्याचा लहानसा अंशही पुरतो. म्हणजे ३० च्या लाइनवर एका घरातले चार विद्यार्थी सहज शिकू शकतात. पण मोठे डाउनलोड 'मला एवढेच हवे' असे कधी म्हणत नाही. जितकी जागा मोकळी दिसेल तितकी ते व्यापते. १०० जीबीचा एक गेम ३० च्या लाइनवर घेतला तर सव्वासात तासांहून अधिक काळ पाइप काठोकाठ भरलेली राहते. पाइप भरली की येणारा डेटा रांगेत साठू लागतो. रांग लांब होते आणि त्या रांगेच्या शेपटाला बहिणीच्या मुलाखतीचे चिमूटभर पॅकेट उभे राहते. त्याला जागा फार नको असते, वेळेवर पोहोचणे हवे असते. नेमके तेच होत नाही. इंजिनिअर लोक या रोगाला 'बफरब्लोट' म्हणतात. अपलोडचेही तसेच. कोणाच्या फोनने हजार फोटोंचा बॅकअप सुरू केला की जाणारी वाट तुंबते आणि येणारीही अडखळते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बरीच डाउनलोड सॉफ्टवेअर आणि टोरंट एकाच वेळी दहा-वीस जोडण्या उघडतात. साधा राउटर माणसे मोजत नाही. पाइप भरली की प्रत्येक जोडीला साधारण सारखा वाटा मिळत जातो. म्हणजे वीस जोडण्या उघडणाऱ्याला वीस वाटे आणि एका जोडीवर मुलाखत देणारीला एक वाटा. वर कोणी म्हणेल, यंत्राने तर कोणावरच अन्याय केला नाही, सगळ्यांना सारखेच वागवले! ही भाषा ओळखीची वाटते ना? ज्याच्याकडे आधीच वीस हात आहेत त्याला आणि एक हात असलेल्याला एकाच रांगेत उभे करायचे आणि त्याला 'गुणवत्ता' म्हणायचे, हा युक्तिवाद आपण आरक्षणाच्या प्रत्येक वादात ऐकतो.

आता महाडकडे या. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सगळ्यांचे झाले. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि कोर्टातली लढाई तर १९३७ पर्यंत चालली. 'खुले आहे' असे म्हणणे आणि खरोखर पाणी हाती येणे यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? घरात सगळ्यांना वायफायचा पासवर्ड दिला म्हणजे ठराव झाला. पाणी अजून मिळालेले नाही.

कोणी रागावेल, "कुठे महाड आणि कुठे तुझे वायफाय! केवढ्या मोठ्या संघर्षाला किती क्षुल्लक ठिकाणी ओढतोस?" मान्य, दुःखाची तुलना होऊच शकत नाही आणि मी ती करतही नाही. अस्पृश्यता आणि स्लो नेट एका पारड्यात ठेवणारा मूर्ख ठरेल. मी फक्त विचारपद्धती उसनी घेतो आहे. महाडचा धडा फक्त १९२७ पुरता असेल तर तो दरवर्षी अभिवादन करण्यापुरताच उरेल. तो सामायिक साधनाचा धडा असेल तर तो आपल्या उंबरठ्याच्या आतही लागू व्हायला हवा.

आणि उंबरठ्याच्या आत नुकसान कोणाचे होते, तेही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, बायकांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के. ही दरी काही कंपनीने खणलेली नाही, ती घरात खणली जाते. आपल्या घरात राउटर कुठे बसवलेला असतो? समोरच्या खोलीत, टीव्हीच्या वर. मुलगी अभ्यासाला कुठे बसते? आत, स्वयंपाकघराशेजारी, जिथे सिग्नलची एक काडी येते. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कोणाकडे असतो? मोठ्या भावाकडे. बिल बहुधा वडील भरतात, म्हणून बोलण्याचा अधिकारही त्यांचाच. २०१९ मध्ये केरळमधल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीला होस्टेलमधून काढले, कारण संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल बंद ठेवण्याचा नियम तिने मानला नाही. ती हायकोर्टात गेली. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे कोर्टाने सांगितले. होस्टेलच्या विरोधात मुलगी कोर्टात जाऊ शकते. दादाच्या डाउनलोडविरुद्ध तिने कुठे जायचे?

आता त्या दोन उत्तरांचा समाचार घेऊ. "मोठा प्लॅन घ्या" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा की कोणाच्या पगारातून? हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला जाणाऱ्या, पुलगाव-देवळीत मजुरी करणाऱ्या घराने महिन्याला आणखी काही शे रुपये कुठून आणायचे? आणि आणले तरी रोग जात नाही. १०० एमबीपीएस घेतले तरी डाउनलोड १०० व्यापते, फक्त लवकर संपते. मग दुसरे सुरू होते. धरण वाढवले म्हणजे टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळते असे नाही. वरच्या अंगाचा ऊस तेवढा वाढतो. पाणीवाटपाचा नियम नसेल तर जास्त पाणी म्हणजे वरच्याला जास्त पाणी, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे उत्तर, "समजून घ्या." हे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीत चांगले रुजलेले आहे. सेवाग्राम इथेच आहे. श्रीमंताने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त समजावे, त्याचे मन बदलावे, मग गरिबाला न्याय मिळेल, हा विश्वस्ततेचा विचार आपण लहानपणापासून ऐकतो. याच वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला, हे नाकारायचे कारण नाही. पण तिथे दार मालकाच्या मर्जीने उघडले, महाडला माणसे हक्काने तळ्यात उतरली. मर्जी उद्या बदलू शकते, हक्क मागे घेता येत नाही. "दादा चांगला आहे, सांगितले की बंद करतो" हे मर्जीचे राज्य आहे. मी स्वतः चांगलाच दादा आहे, असे माझे मत होते. तरीही मी पाहिले नाही. चांगुलपणाला समोरचे दिसत नाही तेव्हा नियमच कामी येतो.

आपली परंपरा नियमाची आहे. भिक्खू संघात भोजनाची निमंत्रणे वाटून देण्यासाठी 'भत्तुद्देसक' नेमला जात असे. त्याची निवड संघ करायचा. आवड, द्वेष, मोह आणि भय या चारांच्या आहारी न जाणारा आणि काय वाटले, काय वाटले नाही हे जाणणारा माणूस त्या कामाला लागे. विचार करा, घरदार सोडलेल्या भिक्खूंमध्येही वाटप केवळ चांगुलपणावर सोडले नव्हते! २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या कामकाज पद्धतीची आठवण करून दिली. त्याच भाषणात त्यांनी बजावले की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य मानू आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारत राहू, तर हा विसंगतीचा संसार लोकशाहीलाच धोक्यात आणेल.

गंमत म्हणजे नेटच्या इंजिनिअरांनाही हेच उत्तर सापडले. जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच सुचवले होते की सगळ्यांची एक रांग लावू नका, प्रत्येकाची वेगळी रांग करा आणि पाळीपाळीने घ्या. पुढे त्यातून निघालेल्या 'केक' नावाच्या पद्धतीत तर जोड्या न मोजता आधी उपकरणे मोजण्याची सोय आहे. एकाने वीस जोडण्या उघडल्या तरी वाटा एकच. यंत्राला एक माणूस, एक मूल्य शिकवता येते, मग आपल्याला का शिकवता येऊ नये?

म्हणून नुसते चिडून थांबू नका. घरात बैठक घ्या, आईला आणि बहिणीला अध्यक्षस्थानी बसवा आणि एवढे ठरवा:

एक, मोठे डाउनलोड रात्री अकरानंतर. स्टीमसारख्या गेमच्या ॲपमध्ये वेळ आणि वेगमर्यादा दोन्ही लावता येतात. विंडोज अपडेटलाही मर्यादा घालता येते.

दोन, फोनचा फोटो बॅकअपही रात्रीच.

तीन, परीक्षा, मुलाखत, क्लास आणि फॉर्मची शेवटची तारीख यांना पहिला हक्क. भिंतीवर कॅलेंडर लावून त्यावर लिहा, म्हणजे कोणाला विनवणी करावी लागणार नाही.

चार, राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' आहे का पाहा. एसक्यूएम असेल तर लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा लावा. थोडा वेग जाईल, पण रांग तुंबणार नाही.

पाच, राउटर घराच्या मध्यावर आणा. सेटिंगचा पासवर्ड एकाच्या खिशात नको, सगळ्या मोठ्यांना ठाऊक हवा.

आणि हे घरापुरते ठेवू नका. विहाराला लागून असलेल्या आपल्या अभ्यासिकांमध्ये तीस-तीस मुले एका कनेक्शनवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. तिथे १४ एप्रिलनंतर मिरवणुकीचे ड्रोन शूटिंग अपलोड करत दिवसभर लाइन अडवणारे आपलेच कार्यकर्ते असतात. जयंतीचा व्हिडिओ उद्या चढला तरी बाबासाहेब लहान होत नाहीत. एखाद्या पोरीचा फॉर्म मात्र आज रात्री बाराला बंद होतो.

आमच्या घरात आता कॅलेंडर लागले आहे. बहिणीने पहिल्याच दिवशी त्यावर माझ्या नावापुढे लिहिले, 'रात्री ११ नंतर'. शिबिराचे उरलेले व्हिडिओ मी त्यानंतरच उतरवले.

तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर कोणाचे नाव लिहावे लागेल, ते आज जेवताना विचारा. उत्तर आवडले नाही तरी विचारा.

जय भीम! जय संविधान!