चाळीस मिनिटं हवीत

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची बैठक या आठवड्यात झाली. वर्गणीचा वाद नेहमीचाच, तो सोडून देते. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बायकांच्या नाटकाला पंधरा मिनिटं मिळाली, मुलांचे नाच आणि बक्षीस समारंभ यांच्या मधली. त्यावर एकाने सुचवलं, “एखाद्या भाऊंना साडी नेसवा, म्हणजे हशा पिकेल.” सगळे हसले आणि पुढचा विषय निघाला.

नाटक काय आहे, हे कोणी विचारलंच नाही. म्हणून इथे सांगते. गोवंडीहून सकाळी सीएसएमटी लोकल पकडणाऱ्या चौघी. लेडीज डबा, वर्षानुवर्षांचा ग्रुप. मेथी निवडणं, चौथ्या सीटवरून भांडणं, डब्यातलं डोहाळजेवण, कुर्ल्याला चढणाऱ्या बाईशी जुनं वैर. यातली एक निवृत्त होते आहे आणि हा तिचा शेवटचा प्रवास. तिच्या नवऱ्याची शुगर किती, सुनेशी कुठे बिनसतं, कोणत्या बँकेत किती ठेव आहे, हे तिघींना तोंडपाठ. पण उद्यापासून भेटायचं कुठे, असा प्रश्न निघतो तेव्हा कळतं की तिचं घर एकीनेही पाहिलेलं नाही. तिथपर्यंत प्रेक्षक हसत असतो. त्यानंतर त्याला हसता येत नाही.

हे लिहिलं आहे आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींनी. हार्बर लाइनवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. तयार संहिता आम्ही आधी शोधल्या होत्या. हौशी मंडळांसाठी छापलेल्या जुन्या एकांकिकांवर ‘स्त्रीपात्रविरहित’ असं ठळक लिहिलेलं असे, कारण कामाला बायका मिळत नसत. फक्त बायकांसाठी म्हणून जे हाती लागलं त्यात बहुतेक उपदेशच होता: हुंडा घेऊ नका, सासूला जपा. चाळिशी-पन्नाशीच्या बायका एकमेकींशी खरोखर काय बोलतात, ते त्यात शोधूनही सापडेना. मग वहिनी म्हणाल्या, “मीच लिहिते.”

साडीच्या सूचनेबद्दल थोडं. बालगंधर्व साडी नेसून उभे राहायचे ते हशासाठी नव्हे. भूमिकेवर त्यांची निष्ठा होती. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं आणि त्यात ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. 1991 साली प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ आलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं. आई आणि तिच्या तीन मुली यांच्यावर ते उभं आहे, आणि 2022 मध्ये नव्या संचात आलं तेव्हाही लोकांनी गर्दी केली. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ 2017 चं. रंगमंचावर दोनच बाया: तुकोबांची आवली, आणि लखुबाई होऊन तिच्या घरी राहायला आलेली रखुमाई. दोघी आपापल्या नवऱ्यांविषयी बोलत राहतात. प्रेक्षक हसतात आणि त्याच बाकावर डोळे पुसतात.

पण मला खरं सांगायचं आहे ते तालमीबद्दल. पावसाळ्यात गच्ची मिळत नाही, त्यामुळे तालीम तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये, रात्री नऊनंतर, ओटा आवरून. कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या बाजूने वारा सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि घामाघूम होत संवाद म्हणायचे. मध्येच कोणाच्या तरी घरून फोन येतो, लोणच्याची बरणी कुठे आहे? बरणीचा पत्ता सांगून ती पुन्हा लोकलमध्ये येऊन उभी राहते.

चौघींतल्या एक तमिळ मामी आहेत. त्यांच्या मराठीत ‘ळ’ फार घोळून येतो. पहिल्या दिवशी त्या संकोचून म्हणाल्या, “माझं काम दुसऱ्या कोणाला द्या, लोक हसतील.” वहिनींनी त्यांचे संवाद त्यांच्या तोंडी बसतील असे पुन्हा लिहून काढले. आता पहिल्या प्रवेशातलं सगळ्यात दणकट काम मामींचंच आहे.

आणि आमच्या प्रॉम्प्टर. यजमान गेल्यापासून या बाई दाराबाहेर पडत नव्हत्या. हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, भिशीतून नाव त्यांनीच काढून घेतलेलं. काकूंनी त्यांना सांगितलं, “तुम्ही नुसती वही धरून बसा, आम्हाला पाठ होत नाही.” त्या आल्या, वही धरून बसल्या. काही दिवसांनी वही न बघता सांगू लागल्या. परवा कुर्ल्याला चढणारी बाई आली नव्हती, तर त्यांनी उठून तिचं अख्खं भांडण करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. काकूंनी तिथेच जाहीर केलं की कुर्ल्याची बाई आता याच. प्रयोगात त्या डब्यात दिसतील. सोसायटीच्या स्टेजवर, रंगीत साडीत. ती साडी निवडायला आम्ही सगळ्याजणी चेंबूरला गेलो होतो.

अशा नाटकाला पंधरा मिनिटं दिली तर काय उरतं? मेथी, सीटचं भांडण आणि टाळ्या. घर कोणी पाहिलं नाही, हा प्रसंग येण्याआधीच पडदा पडेल. नाटक चाळीस मिनिटांचं आहे आणि ते चाळीस मिनिटंच व्हायला हवं. मुलांना बक्षिसं दुसऱ्या दिवशी आरतीनंतर देता येतील. तसा लेखी अर्ज मी कमिटीला दिला आहे. चौघींच्या, वहिनींच्या आणि काकूंच्या सह्या आहेत, आणि सगळ्यात वर कुर्ल्याच्या बाईची.