अंत्योदय शेवटच्या दुकानापर्यंत

१ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी केंद्र सरकारने 'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना' आणली. प्रथमच नोकरीस लागणाऱ्यास दोन हप्त्यांत १५ हजार रुपयांपर्यंत आणि नव्या कर्मचाऱ्यामागे मालकास दोन वर्षे दरमहा ३ हजारांपर्यंत साहाय्य, असे तिचे स्वरूप. हेतू निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र गोंदियाच्या बाजारपेठेतून पाहिले असता एक उणीव ध्यानात येते.

हे साहाय्य भविष्य निर्वाह निधीची नोंदणी असलेल्या आस्थापनांनाच मिळते. ती नोंदणी सक्तीची आहे २० वा अधिक कर्मचारी असतील तेथे. शिवाय लहान मालकानेही किमान दोन माणसे नव्याने घ्यावयास हवीत. महानगरी साखळी-दुकानांना हे सहज जमेल. पण गोंदियाचा किराणा दुकानदार, देवरीजवळ महामार्गावरचा ढाबेवाला, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरील खानावळ यांचे काय? २०१३ साली हा प्रकल्प घोषित झाला. पर्यटकाला चहा, जेवण, मुक्काम देणारे हात याच वर्गाचे आहेत आणि गावातल्या तरुणाला पहिली नोकरीही तोच देतो.

म्हणून एका नव्या माणसामागेही साहाय्य मिळावे. लहान आस्थापनांना स्वेच्छेने नोंदणी करता येते, ही माहिती व्यापारी संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यांत पोहोचवावी. पं. दीनदयाळ उपाध्यायांनी अंत्योदयाचा विचार मांडला, तो रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी. योजनेचे यशापयशही त्याच्याच दारात जोखले पाहिजे.