उंदराची दाढ आणि कोटींचा हिशेब

डीएनए हाताशी असताना नामशेष उंदरांच्या दाढा निवडत बसायचे कशाला? याचे उत्तर पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर आहे. डीएनएमधले फरक मोजता येतात. पण त्या फरकांची वर्षे करायची तर निदान एक पक्की तारीख लागते. ती जीवाश्मच देतात. घरातला छोटा उंदीर आणि मोठा काळा उंदीर यांचे पूर्वज 1 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, ही अनेक संशोधनांत वापरली गेलेली तारीख पोतवारच्या शिवालिक खडकांत सापडलेल्या दाढांवरून आली होती.

ते काम चिकाटीचे. पोतीच्या पोती माती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कण-कण निवडायचा. एवढ्याशा प्राण्याची हाडे टिकत नाहीत, इनॅमलमुळे दात टिकतात. छोट्या उंदराची वरची पहिली दाढ जेमतेम दोन मिलिमीटरांची. पण तिच्यावर उंचवट्यांच्या तीन उभ्या रांगा असतात आणि शेजारचे उंचवटे जुळून आडव्या कमानी होतात. शिवालिकातल्या ‘अँटेमस’ या आद्य उंदरात या कमानी अजून पुरत्या जुळलेल्या नाहीत. नंतरच्या ‘प्रोगोनोमिस’मध्ये त्या जुळलेल्या दिसतात.

हे वाचन चुकले तर? 2015 मध्ये संशोधकांनी या दाढा पुन्हा तपासल्या. त्या तारखेला आधार असलेला ‘कर्निमाटा’ हा जीवाश्म काळ्या उंदराच्या शाखेतला नसून आफ्रिकेतले गवती उंदीर आणि महाराष्ट्राच्या शेतांतही आढळणारा मऊ केसांचा मिलार्डिया यांच्या गोतावळ्यातला आहे, असे त्यांनी दाखवले. त्यामुळे ती तारीख वंशवृक्षाच्या दुसऱ्याच फाट्यावर गेली. जुन्या फाट्यावर बेतलेले हिशेब त्यामुळे पुन्हा तपासणे आले.

लाओसमध्ये उलटे घडले; तिथे जीवाश्मांनीच चूक दुरुस्त केली. तिथल्या बाजारात मांसासाठी विकला जाणारा ‘खा-न्यू’ 2005 मध्ये उंदीरवर्गातले अगदी नवे कुटुंब म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी जीवाश्म अभ्यासकांनी त्याचे दात आणि जबडा ‘डायाटोमिस’ या नामशेष प्राण्याच्या जीवाश्मांशी ताडून पाहिले. जे कुटुंब 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी संपले असे मानले जात होते, त्याचाच हा वंशज निघाला.

शिवालिकचे खडक सीमेपाशी थांबत नाहीत. जम्मूतल्या रामनगरला आणि हिमाचलातल्या हरितल्यांगरलाही तेच थर उघडे पडले आहेत. रस्ता रुंद करताना मोठे हाड दिसले तर निदान कोणी थांबेल; दाढांनी भरलेली माती मात्र डंपरमधून भरावाला जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. भूवारसा जपण्यासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने 2022 मध्ये प्रसिद्ध केला होता. अशा कायद्याने केवळ डायनोसॉरची हाडे राखून भागणार नाही. खोदकामाआधी त्या थरांतली माती चाळण्याचे बंधन आणि ती वाचू शकणाऱ्या अभ्यासकांसाठी कायमच्या जागा, या दोन्ही गोष्टी सरकारने मान्य कराव्यात.