वाचणाऱ्यास ऐकणारा हवा

चौथीतील मूल धडा घडाघडा वाचून दाखविते आणि घरची मंडळी समाधानाने माना डोलवितात. परंतु त्याच धड्यात काय घडले, असे विचारताच ते गप्प होते, ही गोष्ट पुष्कळ घरांत निकाल हाती येईपर्यंत ध्यानातच येत नाही. दुकानाचा रोजमेळ रात्री न चुकता जुळविला जातो. मुलाच्या वाचनाचा मेळ मात्र शिकवणीवाल्यांवर सोपविलेला असतो.

व्यापारी घरांची अडचण खरी आहे. घरात मारवाडी, गुजराती वा कच्छी, बाजारात मराठी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे अनेक माता ‘आम्हांला यातले काय कळते?’ म्हणून मागे सरतात. हा संकोच अनाठायी आहे. पुस्तक कोणत्याही भाषेतील असो, त्यावरचे बोलणे घरच्या बोलीत होऊ शकते. मुलाने पान वाचावे आणि आईने आपल्या बोलीत विचारावे, ‘तो घरी का परतला नाही? तू असतास तर काय केले असतेस?’ उत्तरासाठी मुलास मजकुराकडे पुन्हा वळावे लागते, आणि खरे वाचन तेथेच सुरू होते. स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेच्या पाठोपाठ पृच्छना येते, हे पाठशाळेत गेलेल्यांस ठाऊकच आहे.

शब्द अडला की पालक तत्काळ तो सांगून टाकतात. थोडे थांबावे, वाक्य पुरे करता करता मूल पुष्कळदा आपली चूक आपणच सुधारते. पाहुण्यांसमोर वाचावयास लावून हसणे मात्र सर्वथा वर्ज्य. असे एकदा झाले की मूल पुस्तक लपवू लागते.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपलेले असते. त्यानंतरची पंधरा मिनिटे आईस सापडू शकतात. वडील त्या वेळी दुकानात असतात, तर सुटीच्या दिवशी मुलास गल्ल्याजवळ बसवून मोबाइल देण्याऐवजी आलेल्या मालाचे बिल व खोक्यांवरील वजन, तारीख, किंमत वाचून ताडून पाहण्यास सांगावे. गोष्टींसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे.

आणि ज्या घरात आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, तेथे तर आयताच श्रोता आहे. सकाळच्या वृत्तपत्रातील सोन्या-चांदीचे भाव नातवंडाने वाचावेत. आकडा चुकला, तर आजोबा चष्मा न लावताही तो पकडतील.