समुद्रातला थेंब

इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी आम्हाला 'अ ड्रॉप इन द ओशन' हा वाक्प्रचार शिकवला. म्हणजे समुद्रात एक थेंब. गरज मोठी आणि मिळाले अगदीच थोडे. अमेरिकेत समुद्राऐवजी बादली म्हणतात. बादलीतल्या थेंबाची उपमा १६११ सालच्या इंग्रजी बायबलातही आहे. आपण 'दर्या में खसखस' म्हणतो, तसेच हे.

परवा आम्ही शाळेतल्या रोपांना तांब्या-तांब्याने पाणी घालत होतो. दादा हसून म्हणाला, "ड्रॉप इन द ओशन! एवढ्याने काय होणार?" मला फार वाईट वाटले.

माझे मत असे की, कोण देतो ते बघून हा वाक्प्रचार वापरावा. उन्हाळ्यात अख्ख्या गावाला एकच टँकर आला, तर तो खुशाल म्हणावा. म्हटलाच पाहिजे, नाहीतर दुसरा टँकर येणार कसा? पण पहिलीतले पोर घरून तांब्याभर पाणी आणते, त्याला तसे म्हणू नये. तिथे 'थेंबे थेंबे तळे साचे' हेच खरे.

आम्ही ४० जण आहोत. ४० तांबे म्हणजे काय थोडे झाले? रोपे १२ आहेत आणि बाराही हिरवीगार आहेत. दादा, येऊन बघ!

— इयत्ता सातवी