चिठ्ठीशिवायचे नाणे

उत्तरकालीन रोमन ब्राँझची पाकिटे आता आपल्या संग्राहकांच्या हातीही सहज पडतात. बाल्कन प्रदेशातून निघालेली, मातीच्या पुटासकट लॉटने विकली जाणारी ही नाणी स्वस्त असतात आणि सोळा-सतराशे वर्षे जुनी असतात; मोह न होणे कठीण. वाचक त्यांची छायाचित्रे पाठवतात तेव्हा विचारणा बहुधा एकच असते : हा सम्राट कोण? उत्तर फारसे अवघड नसते. बरेचदा तो कॉन्स्टंटाइन असतो, नाहीतर त्याचा एखादा मुलगा, नाहीतर व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या भावांपैकी एक. उत्तर मिळाले की नाणे फ्लिपमध्ये जाते, फ्लिप अल्बममध्ये जातो, आणि पुढचे पाकीट उघडले जाते.

सम्राटाचे मस्तक ही या नाण्यांवरची सर्वांत कमी बोलकी गोष्ट आहे, असे म्हटले तर जुने संग्राहक रागावतील. पण डायोक्लिशनने चार राज्यकर्त्यांची व्यवस्था आणली, त्यानंतरच्या नाण्यांकडे पाहा. नीरोची दुहेरी हनुवटी, व्हेस्पेशियनचे टक्कल हे सारे मागे पडले. उरली जाड मान, चौकोनी दाढी आणि ताठ नजर. मॅक्झिमियन आणि गॅलेरियस शेजारी ठेवले तर अक्षरे वाचल्याशिवाय वेगळे करता येत नाहीत. त्यापेक्षा वजनकाटा जास्त सांगतो. इ. स. २९४च्या सुमारास डायोक्लिशनने नाणेव्यवस्था नव्याने बसवली : एका रोमन पौंडात ९६ पाडायचे चांगल्या चांदीचे नाणे, आणि त्याच्या जोडीला सुमारे दहा ग्रॅमचे, नावापुरती चांदी मिसळलेले मोठे ब्राँझ. वीस वर्षांत ते ब्राँझ निम्म्याच्याही खाली आले. ३३०च्या दशकात 'सैन्याचा गौरव' मिरवणारे दोन शिपायांचे नाणे आले ते जेमतेम अडीच ग्रॅमचे. त्यांच्यामध्ये आधी दोन ध्वज होते, ३३५च्या सुमारास एकच उरला, आणि वजनही दीड ग्रॅमच्या आसपास घसरले. ध्वज मोजले की काळ कळतो. एवढी सोय करून ठेवलेली असताना आपण चेहरा न्याहाळत बसतो.

दुसरी सोय म्हणजे मागच्या बाजूला, चित्राच्या पायाशी आडव्या रेषेखाली कोरलेली दोन-चार अक्षरे. टांकसाळ कोणती आणि तिच्या कोणत्या विभागात नाणे पडले, हे तिथे लिहिलेले असते. वाचायला सोपे वाटते. तसे ते नाही. फ्रान्समधल्या आर्लचेच पाहा. मॅक्झेंटियसने ऑस्टियाला टांकसाळ काढली होती. त्याचा पाडाव झाल्यावर ३१३मध्ये कॉन्स्टंटाइनने ती आर्लला हलवली. ३२८मध्ये शहराचे नाव बदलून कॉन्स्टँटिना झाले. दुसरा कॉन्स्टंटाइन ३४०मध्ये मारला गेला तेव्हा जुने नाव परतले, आणि ३५३मध्ये पुन्हा कॉन्स्टँटिना. म्हणजे 'कॉन' किंवा 'कॉन्स्ट' एवढे वाचून नाणे कॉन्स्टँटिनोपलचे ठरवणारा साम्राज्याच्या दुसऱ्याच टोकाला पोहोचतो. फरक क्रमात आहे : आर्लमध्ये विभागाचे लॅटिन अक्षर शहराच्या आधी येते, कॉन्स्टँटिनोपलमध्ये विभागाचे ग्रीक अक्षर शेवटी. नाणे नेमके तिथेच झिजलेले असेल, तर चिठ्ठीवर 'आर्ल किंवा कॉन्स्टँटिनोपल' असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

या अक्षरांनी भल्याभल्यांना चकवले आहे. ब्रिटनमध्ये २८६ ते २९३ या काळात स्वतंत्र राज्य चालवणाऱ्या कॅरॉसियसने डायोक्लिशनच्याही आधी शुद्ध चांदीचे नाणे पाडले. त्यावर खाली 'आर एस आर' अशी तीन अक्षरे येतात. ती एका अर्थखात्याच्या अधिकाऱ्याच्या पदाची असावीत, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गी द ला बेदोयेर या अभ्यासकाने दाखवून दिले की ती व्हर्जिलच्या एका कवितेतल्या शब्दांची आद्याक्षरे आहेत. बंडखोर सम्राट चांदीवर कविता छापत होता, आणि आपण तिथे कारकून शोधत होतो!

पण टांकसाळ वाचली, वजन केले, तरी एक रकाना रिकामाच राहतो : नाणे सापडले कुठे आणि कशाबरोबर. पाकिटातल्या नाण्यांचा हा रकाना कायमचा कोरा झालेला असतो. त्यात काय बुडते, हे फ्रोमच्या साठ्यावरून कळते. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात २०१०मध्ये धातुशोधक घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला मोठ्या मडक्यात भरलेली नाणी लागली. थोडी पाहताच तो थांबला आणि त्याने पुरातत्त्वज्ञांना बोलावले. मडके थराथराने रिकामे केले गेले. आत ५२,५०३ नाणी निघाली, आणि सर्वांत उशिराची कॅरॉसियसची नाणी वरच्या थरात नव्हती, बहुतांश अर्ध्याच्या खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षे वरून टाकत भरलेली ही पुंजी नव्हे. सगळी नाणी एकाच वेळी ओतली गेली होती. मडके इतके मोठे की भरल्यावर उचलता येणार नाही, म्हणून ते देवाला वाहिलेले असावे, असा तर्क मांडला गेला. त्या माणसाने रात्रीत मडके उपसले असते, तर बाजारात पन्नास हजार किरकोळ ब्राँझ आले असते. बस्स.

आपल्याला हे नवे नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पराभव हे प्रमाण सांगते. सुटे एक नाणे हातात घेतले, तर एकावर एक चढलेल्या दोन ठशांचा गिचमिड धातू दिसेल, इतकेच.

मुद्द्याचे पुढे आहे. तमिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराईच्या परिसरात चौथ्या-पाचव्या शतकांतली रोमन तांब्याची नाणी मोठ्या संख्येने मिळाली आहेत. 'दिनमलर'चे तेव्हाचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी १९९४मध्ये त्यांवर स्वतंत्र पुस्तक काढले. श्रीलंकेत तर ती हजारोंनी सापडतात, शिवाय तिथल्या स्थानिक नकलाही. ऑगस्टस-टायबेरियसचा चांदीचा दिनार मिरीच्या मोबदल्यात का आला, हे समजते. पण दीड ग्रॅमचे झिजलेले तांबे जहाजात भरून कोणी का आणावे? इथे चिल्लर म्हणून चालले, की धातू म्हणून आले? कोणत्या बंदरातून निघाले? उत्तराची वाट टांकसाळींच्या प्रमाणातून जाते : अलेक्झांड्रिया-अँटिओकची किती, पश्चिमेकडची किती.

आता त्याच सम्राटांची, त्याच आकाराची, तितकीच झिजलेली बाल्कन नाणी भारतीय बाजारात चिठ्ठीशिवाय फिरू लागली, तर काय होईल? मुंबईत घेतलेल्या लॉटमधली सिस्किया-थेस्सलोनिकाची चार नाणी दोन हात बदलून 'करूरला सापडलेली' होतील. दक्षिणेत सापडल्याचे सांगितले की भाव चढतो, हे विक्रेत्याला आपल्याआधी कळते. दहा वर्षांनी कोणी अभ्यासक तक्ता मांडेल आणि त्यात युरोपातल्या टांकसाळी अनपेक्षितपणे जास्त निघतील. बनावट नाणे निदान पकडता येते. अस्सल नाण्याचा खोटा पत्ता पकडायला काहीच साधन नाही. म्हणून बाहेरचा लॉट घेणाऱ्याने 'बाल्कन, लॉट, सापडल्याचे ठिकाण अज्ञात' एवढे तरी प्रत्येक फ्लिपवर लिहावे, आणि विकताना ती चिठ्ठी नाण्याबरोबर द्यावी. इथल्या मातीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी : १८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या सापडलेल्या ऐवजाची जिल्हाधिकाऱ्यांना खबर देणे बंधनकारक करतो, आणि शंभर वर्षांवरचे नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते.

साफसफाईबद्दल थोडक्यात. देवघरातल्या तांब्यासारखे नाणे चिंच-लिंबाने घासू नका. डायोक्लिशन-कॉन्स्टंटाइनच्या ब्राँझवर चांदीचा जो पातळ मुलामा टिकून असतो, तो आम्लाने आधी जातो आणि मागून परत येत नाही. ऊर्ध्वपातित पाणी, लाकडी काडी आणि सबुरी पुरते. कोकणात नि गोव्यात पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर ते क्लोराइडचे दुखणे आहे. ते नाणे लगेच वेगळे काढा, सिलिका जेलच्या डबीत कोरडे ठेवा, आणि पीव्हीसीचे फ्लिप फेकून द्या.

चांदीकडे वळणाऱ्यांना एक सुचवणे आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला सुमारे दोन ग्रॅमचा सिलिक्वा घेताना सगळे गोल, पूर्ण कडेचा मागतात. इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी १९९२मध्ये सापडलेल्या साठ्यातले बहुतेक सिलिक्वा कडेने कातरलेले आहेत, पण कातरणाऱ्याने सम्राटाच्या मस्तकाला सहसा हात लावलेला नाही. अशी कातर मुख्यतः ब्रिटनमधलीच, पाचव्या शतकाच्या आरंभी नव्या चांदीचा पुरवठा आटला त्या काळातली. म्हणजे कातरलेल्या नाण्याने आपला पत्ता स्वतःच्या कडेवर लिहून ठेवला आहे, आणि लिलावात ते गोल नाण्यापेक्षा स्वस्त जाते. ज्याला कळते त्याने घ्यावे.

पुढील अंकापासून आमच्या 'नाणे ओळखा' सदरात नुसते छायाचित्र स्वीकारले जाणार नाही. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा परस्पर कोन, आणि नाणे कोणाकडून, कधी, कोणत्या माहितीसह घेतले, हे चारही लिहून पाठवा. शेवटच्या रकान्यात 'माहीत नाही' असे असेल, तर तेही तसेच छापले जाईल.