एल मासरीच्या रोज्याची काठी

२०२५ च्या रमजानात आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोटो एकाखाली एक आले. वरचा हाझेम एल मासरी या ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीग खेळाडूचा. खालचा मोहम्मद शमीचा, दुबईच्या सीमारेषेवर हातात बाटली घेतलेला. वर लिहिले होते, ‘रोजा ठेवून खेळणारा’. खाली काय लिहिले होते ते इथे देत नाही, वाचकांच्या ग्रुपवरही ते आलेच असेल.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. अठ्ठावीस वर्षे कबड्डी शिकवली, अजूनही संध्याकाळी मोहल्ल्यातली पोरे घेऊन मैदानावर असतो. आणि आधी एक कबुली देतो. एल मासरीचे नाव या पोरांना पहिल्यांदा मीच सांगितले. सिडनीत राहणाऱ्या भाच्याने मला त्या खेळाचे वेड लावले. पकड हीच या खेळातली मुख्य गोष्ट, त्यामुळे कबड्डीवाल्याला तो लगेच कळतो. एका बाजूला तेरा जण. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा वेळा पकडले की चेंडू समोरच्याचा. रेषेपलीकडे जाऊन चेंडू टेकवला तर ‘ट्राय’, चार गुण. मग दांड्यांमधून चेंडू मारायचा, आणखी दोन. पण ही किक, ट्राय जिथे झाली त्याच्याच सरळ रेषेत मागे येऊन मारावी लागते. कोपऱ्यात ट्राय झाली तर किक थेट मैदानाच्या कडेवरून. एल मासरी कडेने पळणारा खेळाडू, आणि संघाच्या किकही त्याच्याच.

जन्म त्रिपोलीचा, लिबियातल्या नव्हे, लेबनॉनमधल्या. देशात यादवी चालू असताना १९८८ मध्ये, बारा वर्षांचा असताना, घरच्यांबरोबर सिडनीला आला. आधी फुटबॉल खेळायचा. १९९६ मध्ये कँटरबरी बुलडॉग्जकडून पहिला सामना आणि २००९ मध्ये शेवटचा, मधे दुसरा क्लब नाही. ३१७ सामने, १५९ ट्राय, ८९१ गोल, एकूण २४१८ गुण. २००४ च्या एकाच मोसमात ३४२ गुण, आणि त्या वर्षी क्लब विजेता. २००९ मध्ये अँड्र्यू जॉन्सचा २१७६ गुणांचा विक्रम त्याने मोडला. त्याचा स्वतःचा विक्रम कॅमेरॉन स्मिथने मोडला तो थेट २०१९ मध्ये. लेबनॉनकडून तो २००० चा विश्वचषक खेळला, ऑस्ट्रेलियाकडून २००२ मध्ये एकच कसोटी. न्यू साउथ वेल्सकडून ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ खेळायला मिळाले ते २००७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तेही एकदाच. ८९१ वेळा दांड्यांमधून गेलेला चेंडू म्हणजे सरावात किती हजार किक, ते मी पोरांना सांगायचो. यासाठी मी त्याचे नाव घेतले होते.

पोरांच्या कानापर्यंत मात्र फक्त रोजा पोहोचला.

त्याच रमजानात आमचा एक चौदा वर्षांचा मुलगा चढाई करून परत येताना चक्कर येऊन पडला. मार्चचे ऊन, दुपारी चारची वेळ, सहरीला दोन घास खाऊन उठलेला. मी त्याला आदल्या दिवशीच म्हटले होते, बाजूला बस. तोंडावर पाणी मारल्यावर तो काय म्हणाला? ‘‘सर, तुमचा एल मासरी खेळायचा ना?’’

म्हणून फोटो पाठवणाऱ्या बंधूंना मी सांगतो, जरा कॅलेंडर काढा. रग्बी लीगचा मोसम मार्चमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. १९९६ चा रमजान जानेवारीत सुरू झाला. मग दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत तो डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबरमध्ये आला. ज्या २००४ च्या अंतिम सामन्याचे गोडवे गाता, तो ३ ऑक्टोबरला झाला आणि रमजान लागला त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. मोसमाच्या शेपटाशी रमजान खरोखर भिडला तो कारकिर्दीच्या अखेरीस, २००७ ते २००९ मध्ये. त्याचा अगदी शेवटचा सामना, पॅरामॅटाविरुद्ध १२-२२ ने हरलेला, ईद होऊन गेल्यावर झाला. रमजानातले त्याचे क्लबचे सामने हाताच्या बोटांवर मोजता येतील.

यात त्याचा मान कमी होत नाही. मोसमाआधीच्या सरावाच्या दिवसांत अनेक वर्षे रमजान येत होता, आणि सिडनीत तेव्हा उन्हाळा असतो. ते सोपे नाही. पण ते त्याने ठरवले, व्यावसायिक क्लबचे डॉक्टर आणि प्रशिक्षक जवळ असताना, कमावलेल्या शरीराच्या भरवशावर. चौदा वर्षांच्या पोराकडे यातले काय आहे? एक बाटली पाणी, आणि तीही तो पिणार नाही, कारण ग्रुपवर फोटो पाहिलाय.

आता शमी. ४ मार्च २०२५, ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना, शमीचे तीन बळी. बरेलीच्या एका मौलवींनी त्याला शरीयतच्या नजरेत गुन्हेगार ठरवले. आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणात स्पष्ट दिली आहे, हे मदरशातले लहान मूलही सांगेल. शमी आपल्या घरापासून दुबईला गेला होता, याला प्रवास नाही तर काय म्हणायचे? आणि याच दुबईत ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर याच शमीला गद्दार म्हटले गेले. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो, धर्मावरून खेळाडूची झडती घेऊ नका म्हणत होतो. मग २०२५ मध्ये झडती घेणारे कोण होते?

ऑस्ट्रेलियाही याबाबत धुतल्या तांदळासारखा नाही. एल मासरीचे कौतुक करताना तिथली वर्तमानपत्रे ‘आदर्श’ हा शब्द फार वापरायची. त्याच लीगमधून बॉक्सिंगकडे वळलेला अँथनी मंडाइन, इस्लाम स्वीकारलेला आदिवासी खेळाडू, २००१ मध्ये अमेरिकेच्या युद्धाविरुद्ध टीव्हीवर बोलला. वाक्ये वेडीवाकडी होती, नंतर त्याने माफीही मागितली. पण जागतिक बॉक्सिंग परिषदेने त्याला क्रमवारीतून काढून टाकले. म्हणजे गोड बोलणारा मुसलमान आदर्श आणि तोंड उघडणारा धोकादायक. हे माप दुसऱ्यांनी लावले की आपल्याला टोचते. आपण रोज्याचे माप लावतो तेव्हा शमीला ते टोचत नसेल?

एल मासरीने त्याचा रोजा कोणाला मारायला काठी म्हणून दिला नव्हता. पकडीतून सुटणे, कडेवरून किक मारणे, चौदा वर्षे एकाच क्लबात टिकणे, यातले तुम्हाला काही नको असेल तर त्याचा फोटोही वापरू नका.

त्या मुलाच्या सरावाची वेळ मी तरावीहनंतरची केली. मैदानावर एकच दिवा आहे, चढाईची रेषा नीट दिसत नाही, पण चालते.

हे सगळे, थोडे कमी शब्दांत, मी ग्रुपवरही लिहिले. पाच मिनिटांत एका ओळीचे उत्तर आले. ‘‘सर, तुम्ही स्वतः रोजे ठेवता का?’’

मी अजून उत्तर दिलेले नाही.